ओळखीचे घोटाळे

माणसाची ओळख पटवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी बँकेत कारकून आहे. लोकांचा समज असा, की बँकेतला कारकून पैसे मोजतो. पैसे मोजायला आता यंत्रं आली. आमच्या वाट्याला उरला आहे तो एकच सनातन प्रश्न : समोर उभा असलेला इसम स्वतःला जो म्हणवतो, तोच आहे काय? ऋषिमुनींनी ‘मी कोण?’ असं विचारलं. आम्ही ‘हा कोण?’ असं विचारतो आणि वर दोन फोटो, रहिवासाचा पुरावा आणि तीन ठिकाणी सही मागतो. ऋषींना उत्तर मिळालं, कारण त्यांनी पुरावा मागितला नाही.

एकदा एका निवृत्त मास्तरांची सही जुळेना. हात थरथरत होता बिचाऱ्यांचा. ते म्हणाले, “अहो, तुमच्या वडिलांना मी गणित शिकवलं. आणि मी मी नाही म्हणता?” मी म्हटलं, “मास्तर, तुम्ही तुम्हीच आहात. पण तुमची सही तुम्ही नाही.” मास्तर थोडा वेळ विचार करून म्हणाले, “हे मात्र गणितापेक्षा अवघड आहे.”

अशा माणसाला सिनेमा पाहताना किती त्रास होत असेल, त्याची कल्पना करा. नायक ओठावर चार बोटं मिशी चिकटवतो आणि जन्मदाती आई त्याला ‘कोण बाबा तू?’ असं विचारते. नायिका डोक्याला फेटा बांधते आणि जो तिच्यासाठी जीव द्यायला निघालेला असतो, तोच तिच्या पाठीवर थाप मारून ‘काय मित्रा’ म्हणतो. मी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ करतो. बायको म्हणते, “इथं कुणी चेक वटवायला आलेलं नाही. गप्प बसा आणि हसा.” मी हसतो. पण हसता हसता एक प्रश्न मनात राहतोच, की ओळखीच्या घोटाळ्याला माणूस इतका का हसतो? आणि आपल्या मराठी बोलपटानं, नुकता कुठं बोलायला शिकला असताना, या घोटाळ्याचं काय केलं?

हा प्रश्न नाशिककरानं विचारावा हेच योग्य. कारण आमचं गाव म्हणजे सोंगांचं माहेरघर. पंचवटीत काय काय घडलं ते आठवा. शूर्पणखा आली ती सुंदर स्त्रीचं रूप घेऊन. मारीच आला तो सोन्याच्या हरणाचं रूप घेऊन. रावण आला तो भिक्षा मागणाऱ्या संन्याशाचं रूप घेऊन. म्हणजे अख्ख्या रामायणाला जे वळण लागलं, ते आमच्या गावात कुणी कुणाची नीट ओळख पटवली नाही म्हणून लागलं. पंचवटीत त्या वेळी आमच्या शाखेचा एखादा कारकून असता, तर रावणाला ‘रहिवासाचा पुरावा आणा’ म्हणून दारातूनच परत पाठवला असता. रामायण पाच पानांत आटोपलं असतं. त्या काळी बँका नव्हत्या, हे वाङ्मयावर उपकारच झाले.

आणि याच मुलखात, त्र्यंबकेश्वराला, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्माला आले. दादासाहेबांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि हिंदुस्थानात सिनेमाचा धंदा उभा राहिला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण तो सगळा उद्योगच ओळखीच्या घोटाळ्यांवर उभा होता, हे फारसं कुणी सांगत नाही. सिनेमात काम करणं हे तेव्हा इतकं हलकं समजलं जाई, की फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर ‘आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत’ म्हणा. मुंबईबाहेरच्या एका गावात चित्रण करायला मंडळी ढाल-तलवारी घेऊन उतरली, तर गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोरच आले. पोलीस पाटलानं सगळ्यांना धरून बसवलं. सत्यवचनी हरिश्चंद्राचे सहकारी आपण दरोडेखोर नाही असं गळा काढून सांगताहेत आणि त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही! शेवटी मागाहून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा उघडून दाखवला, तेव्हा कुठं सुटका झाली.

तारामतीचं काम करायला तर कुणी बाईच मिळेना. बदनाम वस्तीतल्या बायकांनीही नकार दिला, म्हणाल्या, आमची अब्रू जाईल. अखेर ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारा, नाजूक बोटांचा अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेला पडला. हॉटेलात त्याला महिना १० रुपये मिळत. फाळक्यांनी १५ देऊ केले. पाच रुपयांच्या बढतीवर माणूस राणी झाला. आमच्याकडे पाच वर्षं राबून हेडक्लार्क होता येत नाही.

त्या चित्रपटात तारामती आणि तिच्या सख्या कारंज्याच्या हौदात जलक्रीडा करतात, असा एक प्रसंग आहे. पदर ओले, पाणी उडवणं चाललेलं. आणि हौदात उतरलेली एकूण एक सखी पुरुष! हा हौद लक्षात ठेवा. पंचवीस वर्षांनी आपल्याला दुसऱ्या एका पाण्यापाशी जायचं आहे.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके मुंबई सोडून नाशिकला आले आणि इथं ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. या वेळी त्यांना खऱ्या बायका मिळाल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई, पुढं जी कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. आता मोहिनीची गोष्ट आठवा. भस्मासुर भाळतो ती सुंदरी मुळात स्त्री नाहीच, ते आहेत विष्णू. म्हणजे हॉटेलातला पुरुष राणी झाल्यावर त्याच वर्षी एक मुलगी, बाईचं सोंग घेतलेला पुरुष झाली. भस्मासुर बिचारा प्रेमात पडला आणि स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून जळून गेला. प्रेम, सोंग, गाफीलपणा आणि शेवटी स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर. विनोदी प्रेमकथेला लागणारं सगळं सामान त्यात होतं. फक्त शेवट जरा कडक होता.

पुढं १९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्यात साळुंके रामही झाले आणि सीताही झाले. एकच माणूस अरण्यात ‘सीते, सीते’ करत हिंडतो आणि तोच माणूस अशोकवनात बसून त्याची वाट पाहतो. पडद्यावर राम आला, की लोक पायातल्या वहाणा काढत म्हणे. लोकांना ते ढोंग वाटलं नाही. माणूस आयुष्यभर ज्याला शोधत फिरतो तो आपणच असतो, हे संतांनी सांगितलेलं साळुंक्यांनी दोन पगड्या बदलून करून दाखवलं. पगार बहुधा एकाच माणसाचा मिळाला असावा.

पण रंगभूमीवर हे खेळ त्याआधीपासून चालू होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या ‘सौभद्रा’त अर्जुन भगवी वस्त्रं नेसून संन्यासी होतो. दुर्योधनाशी ठरत आलेलं सुभद्रेचं लग्न मोडून तिला आपली करायची, एवढ्यासाठीच. बलराम त्याला साधू समजून घरात ठेवून घेतो. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त श्रीमंताघरची भामिनी साधी वनमाला होऊन धैर्यधराला जिंकते. म्हणजे आपल्या प्रेक्षकाला नियम पाठ होता : सोंग घेणाऱ्याला स्वतःला पक्कं ठाऊक असतं, आपण कोण. फसतो तो समोरचा. आणि प्रेक्षक हसतो, कारण त्यालाही ठाऊक असतं.

मग सिनेमा बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागला आणि नुसत्या चेहऱ्यावर भागत होतं ते दिवस संपले. मूकपटातला आपला तगडा मराठी नायक मास्टर विठ्ठल त्यात होता. पण त्याच्या तोंडी हिंदुस्थानी बोली रुळेना. तेव्हा कथेत त्याला बराच वेळ अर्धवट शुद्धीत ठेवण्याची युक्ती काढली असं सांगतात. नोकरीत काही साहेबांना ही सवलत आजही मिळते.

मराठी बोलपटाचा मुहूर्त १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’नं झाला. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच! पण आता तारामती होत्या दुर्गा खोटे, चांगल्या घरच्या, शिकलेल्या. एकोणीस वर्षांत राणीच्या पदावरून पुरुष उतरला आणि बाई बसली. याच्या उलट गंमत १९३५ साली झाली. जन्मभर शालू नेसून महाराष्ट्राला वेड लावलेले बालगंधर्व ‘प्रभात’च्या बोलपटात संत एकनाथ झाले. ज्यांची नथ आणि पदर पाहून घरोघरीच्या बायका नटायला शिकल्या, त्यांना पुरुषाच्या वेषात ओळखायचं कसं, हा लोकांपुढं प्रश्न. त्या बोलपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. सरकारला त्यात भलताच महात्मा दिसला. नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावं लागलं. एकनाथांना गांधी समजण्याइतका मोठा ओळखीचा घोटाळा कुठल्याही फार्समध्ये शोभला असता.

या सुमारास तिकडे अमेरिकेत हा प्रकार अगदी कळसाला पोचला होता. १९३५ सालच्या ‘टॉप हॅट’ या बोलपटात नायिका नायकालाच आपल्या मैत्रिणीचा नवरा समजून बसते आणि तो प्रेमाचं बोलू लागला की त्याच्या मुस्कटात भडकावते. सबंध सिनेमा एका नावाच्या चौकशीवर अडलेला असतो. काउंटरवर विचारलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागता. तिथंही नियम तोच : माणूस सरळ, पाहणाऱ्याची नजर वाकडी.

आणि १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं ‘ब्रह्मचारी’ काढला. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं, नायकही तेच. नायकाचं नाव औदुंबर. नावातच सगळं आलं. या नावाचा मुलगा प्रेमात पडेल असं कुणाच्या स्वप्नात येणार नाही. हा औदुंबर चारचौघांसारखा तरुण. सिनेमातल्या नट्यांच्या तसबिरी जमवणारा. एके दिवशी तो ब्रह्मचर्यावर एका देशभक्ताचं व्याख्यान ऐकतो आणि पेटतो. तसबिरी जातात, जोर-बैठका येतात, आणि स्वारी थेट आश्रमात दाखल होते. मग येते किशोरी, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर, आणि पोहण्याच्या पोशाखात पाण्याकाठी ते गाणं गाते. १९३८ साली! पंचवीस वर्षांपूर्वी ज्या पडद्यावर जलक्रीडा करणारी एकूण एक सखी पुरुष होती, त्याच पडद्यावर एक बाई बाई म्हणून पाण्यात उतरली. महाराष्ट्रात हलकल्लोळ माजला. निषेध करणाऱ्यांनी निषेध केला, आणि नक्की कशाचा करायचा याची खात्री करून घ्यायला पुन्हा तिकीट काढलं.

आता आमच्या घरातली हकिगत सांगतो, कारण तिच्यावर माझा जन्म अवलंबून होता. माझे आजोबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. ते आणि तालमीतले त्यांचे सहा मित्र, अशा सातजणांनी देशासाठी आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेतली होती. गोदावरीत उभं राहून, ओंजळीत पाणी घेऊन. त्या काळी अशा शपथा गावोगाव होत. पणजीनं महिनाभर अन्न गोड लागेना म्हणून सांगितलं. आजोबा हलले नाहीत. अशात नाशिकला बोलपट लागला, नाव ‘ब्रह्मचारी’. दोनच वर्षांपूर्वी ‘संत तुकाराम’ पाहून सगळं गाव डोळे पुसत बाहेर पडलं होतं. मंडळींना वाटलं, हाही त्याच वळणाचा असणार, आपल्या व्रताला बळकटी येईल. कपाळाला गंध लावून सगळे ओळीनं जाऊन बसले.

आजोबा सांगत, “पहिली घटका आम्ही रागानं लाल झालो. दुसरी घटका शेजारी हसत नाही ना, ते पाहण्यात गेली. मग हसलो. तो औदुंबर जोर काढत होता, आणि मला वाटत होतं, हा नालायक माझी नक्कल करतोय. माझी बातमी कोल्हापूरला कुणी पोचवली?” घरी परतताना कुणी कुणाशी बोललं नाही. पुढच्या तीन वर्षांत सातांपैकी सहाजणांची लग्नं झाली. सातवे मात्र शेवटपर्यंत ब्रह्मचारी राहिले. त्या दिवशी त्यांना ताप होता म्हणून ते सिनेमाला आले नव्हते.

या सातव्यांवर घरात कुणी विनोद केलेला आजोबांना चालत नसे. ते गृहस्थ खरोखरच व्रत घेतल्यासारखे जगले. गरिबांच्या मुलांना फुकट शिकवलं, स्वतःचं धोतर स्वतः धुतलं, आणि कुणापाशी बढाई मारली नाही. आजोबा म्हणत, “त्याला ते अंगचं होतं रे. आम्ही अंगात घातलं होतं. आणि अंगात घातलंय हे आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं.”

आजोबांच्या या वाक्यात, मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. अर्जुन भगवी वस्त्रं नेसतो ती मुलगी मिळवायला. औदुंबर व्रत घेतो ते मुलीपासून पळायला. दोघांचा निकाल एकच लागतो. पण ‘सौभद्रा’त अर्जुनाला अर्जुन माहीत असतो, फसतो तो बलराम. ‘ब्रह्मचारी’त औदुंबराला सगळे ओळखतात, किशोरी ओळखते, प्रेक्षक ओळखतो. फसलेला एकटा औदुंबर. ओळखीचा घोटाळा दोन माणसांमधून उचलून अत्रे-विनायकांनी तो एकाच माणसाच्या आत नेऊन ठेवला. म्हणून प्रेक्षक हसता हसता मध्येच गप्प होई. दुसऱ्याच्या सोंगाला हसणं सोपं. आपल्या अंगावर कुठलं सोंग आहे, ते आधी कुणी दाखवावं लागतं.

पुढच्याच वर्षी, १९३९ साली, याच मंडळींनी ‘ब्रँडीची बाटली’ काढला. त्याचा नायक बगाराम, दामुअण्णा मालवणकर, हा नगरपालिकेतला कारकून! आमच्या जातीचा माणूस प्रेमकथेचा नायक झाला, याबद्दल समस्त कारकून वर्गानं हंस पिक्चर्सचं ऋणी राहायला हवं. हा सालस, किडकिडीत, तिरळ्या नजरेचा बगाराम औषधासाठी ब्रँडीची बाटली आणायला निघतो, आणि ब्रँडी म्हणजे काय चीज असते हेच त्याला माहीत नसतं. इथं माणसाची नाही, बाटलीची ओळख पटत नाही. त्याच साली १ ऑगस्टला मुंबईत दारूबंदी आली, म्हणजे ज्यांना ओळख होती त्यांनीही ती विसरल्याचं सोंग घेण्याचे दिवस. १९४० साली ‘नवयुग’नं एक बोलपट काढला, त्याचं तर नावच ‘लपंडाव’.

कोल्हापुरात ही हशाची आतषबाजी चालू असताना दादासाहेब फाळके कुठं होते? १९३७ साली त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ काढला. तो त्यांचा एकमेव मूळचा बोलपट. मग ते नाशिकला परत आले. ज्यांनी बाईला बाई मिळत नव्हती तेव्हा राणी उभी केली, त्यांच्या हयातीतच पडद्यावर सगळं बदललं. आता गळा हवा होता, संवाद हवे होते, भांडवल हवं होतं. एके काळी आपण सिनेमावाले आहोत हे ज्यांना लपवावं लागलं, त्यांना आता आपण सिनेमावाले होतो हे सांगावं लागत असणार. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकलाच वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून देतात. माणूस गेल्यावर ओळख पटवण्यात आपला देश फार तत्पर आहे. वारसदारांच्या अर्जांवर काम करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

सोंगं मात्र थांबली नाहीत. १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’त सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी राहायला जागा मिळावी म्हणून साड्या नेसल्या आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. साळुंके पाच रुपयांसाठी साडी नेसले, हे दोघे खोलीसाठी. पंचाहत्तर वर्षांत मराठी माणसाच्या गरजा फारशा बदलल्या नव्हत्या. ती जुनी, अर्जुनाची जात; नेसणाऱ्याला पक्कं माहीत, की आपण कोण. औदुंबराची जात पडद्यावर कमी दिसते. काउंटरच्या अलीकडे-पलीकडे मात्र भरपूर दिसते.

फाळक्यांचं स्मारक नाशिक महापालिकेनं गावाबाहेर, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी बांधलं आहे. पाहुणे आले की मी त्यांना तिथं घेऊन जातो. वर लेण्यांत शिलालेख आहेत ते सातवाहनांच्या काळातले, राहत होते ते बौद्ध भिक्षू, आणि नाव लागलं आहे पांडवांचं. गेल्या दिवाळीत आलेल्या एका पाहुण्यांनी तर भीम कुठल्या खोलीत निजत असे, ते मला विचारलं. मी सगळ्यात मोठी खोली दाखवली. पाहुण्यांचं समाधान झालं. भिक्षूंची आजवर तक्रार नाही, आणि पांडवांनीही हक्क सांगितलेला नाही. नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची, असं खातं आमच्या शाखेत एक दिवस चाललं नसतं.